पहिलारू कालवडीला वळू निवडून देणारे रेतनवाले अण्णा (निपाणी-संकेश्वर पट्टा)

पाचपैकी सव्वाचार. पाऊण कशाबद्दल कापला ते खाली येईलच. आमच्याकडं निपाणी, संकेश्वर, हुक्केरी बाजूला बाईकला वीर्याच्या कांड्यांचा कंटेनर बांधून फिरणारे रेतनवाले (कृत्रिम रेतन करणारे) काय कमी नाहीत, फोन केला की येतात, पाच मिनटात काम उरकून जातात. पण चार वेतं झालेली गाय आणि पहिलारू कालवड यातला फरक धरून वळू निवडणारा माणूस मला तरी हा पहिलाच भेटला, म्हणून एवढं लांबण लावलंय. नाव-नंबर टाकत नाही, त्यांनीच नको म्हटलंय, आधीच फोन उचलून उचलून वैताग आलाय म्हणे.

कालवड आमच्या घरच्याच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस गायीची. लहानपणी हगवण लागली होती त्यात मागं पडली ती पडलीच, बांधा आखूड राहिला. संक्रांतीच्या आसपास माज दाखवायला लागली तशी घरात सगळ्यांची घाई, भरवून टाका, भाकड बसून खातीय. अण्णांना बोलावलं. त्यांनी कंटेनर बाईकवरनं सोडलाच नाही, आधी खिशातनं शिंप्याचा टेप काढला. पुढच्या पायांच्या मागनं छातीचा घेर ५७ इंच, खांद्याच्या टोकापासनं मागं माकडहाडापर्यंत लांबी ४५ इंच. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला ६६० नं भागायचं, किलोत वजन येतं. मोबाईलवर तिथंच केलं, साधारण २२१ किलो. "सण्ण ऐति री (बारकी हाय हो), आता नको," म्हणाले आणि गाडीला किक मारली. एक रुपया घेतला नाही. माज दिसला म्हणजे कालवड भरवायला झाली असं नसतं, तिच्या जातीची मोठी गाय जेवढी भरते त्याच्या ६० ते ६५ टक्के तरी वजन व्हायला पाहिजे, म्हणजे आमच्या हिशेबानं अडीचशे किलो. वय किती झालं ते नंतर. धंद्यावर आलेला माणूस धंदा न करता परत जातो हे आमच्या आईला काय पटेना, ती म्हणे ह्यांच्याकडं स्ट्रॉच (वीर्याची कांडी) संपली असणार.

मग उसाचं वाडं कमी केलं (सीझनला फुकट मिळतं म्हणून आम्ही सगळे नुसतं वाडंच टाकतो), शाळूचा कडबा, थोडी सरकी पेंड आणि मिनरल मिक्श्चर चालू केलं, जंताचं औषध पाजलं. उन्हाळा सरता सरता घेर ६० आणि लांबी ४६ झाली. आता २५० किलो. मग वळूची गोष्ट निघाली, आणि खरा रिव्ह्यू इथनं पुढं आहे.

आमच्या भागात वळू निवडायचा म्हणजे काय, तर लग्नात पोराचा पगार विचारतात तसं वळूच्या आईचं दूध विचारायचं. पंचवीस लिटरची आई, तीस लिटरची आई, बस्स, पुढं काय बघायचं नाही. यांच्या आधी जे एक रेतनवाले यायचे ते तर सगळ्या गल्लीला एकाच एचएफ वळूची स्ट्रॉ घालायचे, गाय असो नाहीतर कालवड. शेजारच्यांची कालवड त्यातच अडली, रात्रभर दोरी लावून चौघं ओढत होते, वासरू मेलेलं निघालं आणि कालवड पुढं आठवडाभर उठेना. अण्णांचं म्हणणं, वळूच्या आईचं दूध तुमच्या गोठ्यात यायला तीन वर्षं लागतात, वासराचं वजन मात्र नऊ महिन्यातच दारात येऊन उभं राहतं. एचएफचं वासरू चाळीस किलोपर्यंत जातं, जर्सीचं पंचवीसच्या आसपास. क्रॉस झाला की मधे कुठंतरी येतं, पण आई बारकी असली तर ते मधलं सुद्धा जड पडतं. त्यात खोंड निघाला तर पाडीपेक्षा किलो-दोन किलो जास्तच.

बाहेरच्या देशातल्या वळूंच्या कागदावर सुलभ प्रसूतीचा आकडा असतो म्हणे, त्याची वासरं किती अडली त्यावरनं काढलेला. आणि तिथं दोन आकडे असतात, त्यात गल्लत करायची नाही. एक वळूची वासरं सहज होतात का ते सांगतो, दुसरा त्याच्या मुली पुढं सहज वितात का ते. कालवडीला बघायचा तो पहिला. हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडं येणाऱ्या बऱ्याच स्ट्रॉंचा असा आकडा हातात मिळतच नाही, म्हणून अण्णांनी स्वतःची वही ठेवलीय. वळूचा नंबर, कुणाची गाय, कितवं वेत, आणि पुढं वासरू कसं झालं. सगळं कन्नडमधे, मला अडखळत वाचता येतं तेवढ्यात दिसलं की एका एचएफ नंबरपुढं लाल पेनानं तीनदा 'ओढलं' लिहिलंय. तो वळू ते कालवडींना घालतच नाहीत, गायींना घालतात. फोन करून करून कोण काय व्याली ते विचारतात, लोकांना वाटतं हा माणूस चौकशा का करतोय.

तर चर्चेला तीन पर्याय होते. एचएफ त्यांनी कापलाच. गावात खिलार वळू आहे, चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेतनं आणलेला, दिसायला असा की बघत राहावं, वासरू पण बारकं आणि चपळ होतं. पण आम्हाला दूध पाहिजे, शर्यतीचा नाद नाही. आणि शिवाय नैसर्गिक वळू म्हणजे एवढं वजन बारक्या कालवडीच्या पाठीवर, वर हजार गायींवर फिरलेला असतो, सांसर्गिक गर्भपातासारखे रोग तसेच पसरतात. देवाला सोडलेला पोळ तर विषयच नाही, तो कधी कुणाच्या गोठ्यात शिरंल सांगता येत नाही म्हणून कालवड माजावर असली की बांधूनच ठेवा.

राहिली जर्सी, त्यात साधी का सेक्स्ड. सेक्स्डमधे नव्वद टक्क्यांच्या आसपास पाडीच होते आणि पाडी जरा हलकी असते म्हणून अडायची भीती अजून कमी, पण स्ट्रॉ महाग आणि गाभण राहायचं प्रमाण साध्यापेक्षा थोडं कमी. कालवडीत त्यातल्या त्यात चांगलं लागतं असं ते म्हणाले, पण उलटली (गाभण न राहता परत माजावर आली) तर पैसे गेले. आम्ही साधीच घेतली. जर्सी म्हटल्यावर घरात कुरकुर झाली, लिटर कमी होणार, पण डेअरीत फॅटवर दर आहे, जर्सीचं फॅट साडेचार-पाच लागतं, एचएफचं साडेतीनच्या आसपास. शिवाय पुढच्या वेताला एचएफ घालायला कोण अडवलंय. आणखी एक, त्यांनी कालवडीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर लिहून घेतला आणि तिची आई कुठल्या वळूनं भरली होती ते विचारलं, बापालाच पोरगी जायला नको म्हणून. आम्हाला माहीत नव्हतं. जात बदलली म्हणून ह्यावेळी चाललं, पण ही चिठ्ठी जपून ठेवायला पाहिजे राव.

आता कापलेला पाऊण मार्क. कालवड माजावर आली ती नेमकी कर्नाटकी बेंदराच्या आदल्या संध्याकाळी. सोट (माजाचा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ, हंबरून हंबरून गल्ली डोक्यावर घेतली. संध्याकाळी माज दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायची, सकाळी दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी, हे त्यांनीच सांगितलेलं. आणि सकाळी ह्यांचा फोन बंद! बैलं धुवायला ओढ्यावर गेलते. आले तेव्हा उन्हं चढलेली, शिंगं रंगवलेला हात तसाच लाल. आम्ही दुसऱ्याला बोलवायच्या बेतात होतो. सणाला बैलाचं करायला पाहिजे हे मान्य, पण एक मेसेज टाकायला काय होतं.

आल्यावर मात्र हात धुतले साबणानं, आणि काम एकदम निवांत. कंटेनरच्या तोंडाशी पांढरी वाफ, आत नायट्रोजन, उणे १९६ डिग्री. आतला कांड्यांचा डबा कंटेनरच्या गळ्याच्या वर येऊ दिला नाही, चिमट्यानं एकच कांडी उचलली आणि थेट थर्मासमधल्या पाण्यात, पाण्यात थर्मामीटर ३७ वर, अर्धा मिनिट. मग टिश्यूनं कोरडी पुसली, पाण्याचा थेंब राहिला तर आतलं मरतं म्हणे, आणि कापायच्या आधी माझ्या डोळ्यासमोर धरली, नंबर वाचा म्हणून. वहीतला आणि कांडीवरचा एकच. आधीचे रेतनवाले कांडी तळहातावर चोळून गरम करायचे, किंवा खिशात. हे बघितल्यावर उलटणाऱ्या गायींची निम्मी कारणं कळली. पैसे पाचशेच्या नोटेत भागले, पेट्रोल धरून.

तीन महिन्यांनी हात घालून तपासून गेले, गाभण. शेवटच्या महिन्यांत गल्लीतले जाणते सल्ला देत होते, खायला कमी घाला म्हणजे वासरू बारीक राहील. अण्णा त्यावर खवळले. उपाशी ठेवल्यानं वासरू म्हणावं तसं बारीक होत नाही, आईच कळा द्यायला कमी पडते आणि नंतर दुधाला पण मार. उलट पेंड घालून गुबगुबीत केली तरी वाईट, चरबी आतल्या वाटेत साचते. मधलं धरा.

होळी आणि पाडव्याच्या मधे रात्री व्याली. पाण्याची पिशवी फुटली, दोन पाय दिसले, मग नाक. मी व्हिडिओ कॉल लावला तर पलीकडनं एकच वाक्य, दोरीला हात लावू नका. पिशवी फुटून दीड-दोन तास झाले आणि काहीच पुढं सरकलं नाही तर १९६२ ला फोन करून डॉक्टर बोलवा, नाहीतर तिचं तिला करू द्या. तासाभरात झालं. जर्सीच्या तोंडावळ्याची पाडी, बारदानात घालून काट्याला टांगली, २६ किलो. पहाटेपर्यंत वार पण पडली, आणि वासराला चीक पहिल्या तासातच पाजला. आईनं त्यांना खरवस पाठवला, म्हणजे आता स्ट्रॉ संपली होती हा आरोप मागं घेतला असं धरायचं.

बोलवणार असाल तर सणवार बघून आदल्या दिवशीच फोन करून ठेवा, आणि बिल्ल्याचा नंबर, आईला कुठला वळू घातला होता ती चिठ्ठी हाताशी ठेवा. एचएफच पाहिजे म्हणून हट्ट धरू नका, बारक्या पहिलारूला ते घालत नाहीत, आणि घाला म्हणून जास्तच मागं लागलं तर सरळ दुसऱ्याला बोलवा म्हणतात.