१८० रुपयांचं रेडिएटर झाकण, नागपूरचा अख्खा उन्हाळा काढल्यावर

गाडी २०१३ चं मॉडेल, १२०० सीसी पेट्रोल, १ लाख ३१ हजार किलोमीटर. फेब्रुवारीअखेर बुटीबोरीकडून येताना तापमानाचा काटा लालला टेकला आणि आठवडाभरात तीन मिस्त्र्यांची तीन निदानं मिळाली. हेड (इंजिनचा वरचा भाग) खोलावं लागेल, १४ हजार. रेडिएटर (इंजिनचं पाणी गार करणारी जाळी) चोक आहे, नवा टाका, साडेपाच हजार. तिसरं फुकट: "थर्मोस्टॅट काढून फेका भाऊ, नागपुरात त्याचं काय काम?" (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.) तिघांपैकी एकानंही रेडिएटरचं झाकण उलटं करून पाहिलं नाही. दोष तिथेच होता. आता आठ महिने आणि साडेसात हजार किलोमीटर झालेत. मार्चमध्ये झालेलं मत मधे बदलावं लागलं, तेही खाली लिहिलंय.

आधी झाकण. ते आतल्या पाण्यावर दाब धरून ठेवतं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बारमध्ये दाब. १.१ बार जादा दाब टिकला तर साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं आणि ते ०.३ बारलाच सुटायला लागलं, की तेच पाणी १०७ च्या आसपास उकळतं. इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती धातू सेन्सरच्या आकड्यापेक्षा बराच तापलेला असतो. तिथे वाफेचे फुगे धरले की पाणी धातूला टेकतच नाही, उष्णता उचलली जात नाही, आणि काटा दोन मिनिटांत चढतो. बाहेरचे ४५ अंश यात दुय्यम आहेत. दाब धरणारी गाडी मे महिन्यातही दुपारी दोन वाजता चालते.

तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद करून किमान दोन तास जाऊ द्या, वरचा होज (इंजिन आणि रेडिएटर जोडणारी रबरी नळी) हाताला गार लागला पाहिजे. गरम असताना झाकण उघडलं तर चेहरा भाजतो, इथे घाई नकोच. झाकणाच्या खालची काळी रबरी चकती नखानं दाबा, बिस्किटासारखी कडक किंवा चिरलेली असेल तर गेली. मधोमध एक छोटी पितळी चकती असते. ती ओढली की खाली यावी आणि सोडली की झटकन परत बसावी. ही व्हॅक्यूम व्हॉल्व्ह. इंजिन गार होताना रेडिएटरशेजारच्या बाटलीतलं कूलंट (गंजरोधक मिसळलेलं इंजिनचं पाणी) तीच परत आत घेते. ती अडकली तर बाटली भरलेली आणि रेडिएटर दोन बोटं रिकामा असं दिसतं, आणि सकाळी वरचा होज चपटा झालेला सापडतो. बाटली भरलेली पाहून कूलंट पुरेसं आहे असं धरून चालणं ही सगळ्यात महागाची चूक.

नवं झाकण घेताना आकडा तोच घ्या. ०.९ च्या जागी १.१ बसवलं तर जादा थंड राहतं असं दुकानदार सांगतात. ते चूक आहे, प्लास्टिकच्या टाकीची शिवण त्यानं सुटते. आणि रेडिएटरच्या तोंडाची जी कडा झाकणाच्या रबराला टेकते, तिथला पांढरा थर ओल्या फडक्यानं काढा. तो राहिला तर नवं झाकणही पहिल्याच दिवसापासून गळतं.

हा पांढरा थर काय असतो ते नागपूरकराला सांगायला नको. बोअरच्या पाण्यानं एका उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांची जी गत होते, तीच रेडिएटरच्या नळ्यांची होते, फरक इतकाच की ती दिसत नाही. रस्त्यात अडल्यावर एकदा नळाचं पाणी घातलं तर चालेल, पण ते महिनोन्महिने आत ठेवू नका. पितळी रेडिएटर असेल तर रॉडिंग (सळईनं नळ्या साफ करणं) करून घेता येतं, प्लास्टिक टाकीच्या ॲल्युमिनियमला ते जमत नाही, बदलावाच लागतो.

कूलंट भरण्यात सगळे जिथे चुकतात ती एक गोष्ट. एकूण क्षमता साडेचार लिटर असली तरी खालचा नळ सोडल्यावर तीनच लिटर निघतं, बाकी इंजिनच्या ब्लॉकमध्ये राहतं. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरनं दोन-तीनदा धुवा, मग १ लिटर ८०० मिली कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) थेट ओता आणि उरलेलं डिस्टिल्ड वॉटर. चाळीस टक्के मिश्रण होतं. इथे पाणी गोठायची भीती नाही, तेवढं पुरतं आणि गंजरोधकही पुरेसं जातं. "जितकं घट्ट तितकं चांगलं" म्हणून निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरू नका. त्यातल्या ग्लायकॉलची उष्णता सामावण्याची क्षमता पाण्याच्या साठ टक्क्यांच्या आत आहे. हिरवं-लाल एकत्र करू नका, आणि रंगावरून प्रकार ठरवू नका, डब्यावरचं वाचा. भरल्यावर पुढची चाकं चढावर, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन चालू. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा आणि मधे मधे वरचा होज दाबत राहा. बुडबुडे थांबले की लेव्हल करून झाकण लावा. काटा वर आणि हीटरमधून हवा गार, असं झालं तर आत हवा राहिली आहे किंवा कूलंट कमी आहे.

मार्चमध्ये मत होतं की १८० रुपयांत काम झालं. ते घाईचं होतं. नवं झाकण लावल्यावर तीन आठवड्यांत वरचा होज क्लिपपाशी पाझरला आणि एप्रिलमध्ये वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून थेंब सुरू झाले. झाकणाचा यात दोष नाही. जुनं झाकण दाबच धरत नव्हतं म्हणून बारा वर्षांचे होज आणि पंपाचं सील तग धरून होते. पूर्ण दाब आला आणि कच्चे दुवे उघडे पडले. काही ठिकाणी गळती लपवायला मुद्दाम झाकण ढिलं ठेवतात. ही शुद्ध फसवणूक आहे, गिऱ्हाईक पुढे हेड जाळून बसतं. दोन होज, चार क्लिपा, पंप, मजुरी मिळून ३,४०० लागले. तेव्हा जुन्या गाडीला नवं झाकण लावणार असाल तर होजचे पैसे बाजूला धरा.

मेअखेरच्या नवतपात दुसरी दुरुस्ती. एसी चालू, व्हरायटी चौकाचा सिग्नल, स्कॅनरवर (इंजिनचं तापमान दाखवणारं यंत्र) १०४ अंश. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर गाडी पळायला लागली की ९१. हे लक्षण ओळखून ठेवा. उभी असताना गरम आणि पळताना थंड म्हणजे हवा कमी पडते: पंखा, रिले (पंख्याचा स्विच) किंवा मधला कचरा. उलट, पळताना गरम आणि उभी असताना ठीक असेल तर पाण्याचा प्रवाह कमी आहे: नळ्या चोक, पंप, किंवा आत ओढला जाणारा खालचा होज. इथे पंखा ठीक होता. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये धूळ आणि कापसाचा नमदा बसला होता, समोरून तो दिसतच नाही. वरचे दोन बोल्ट सोडून रेडिएटर मागे झुकवला आणि साध्या पाइपानं इंजिनच्या बाजूनं बाहेर पाणी मारलं. वॉशिंग सेंटरचा जेट नको, जाळीच्या पातळ पत्र्या वाकतात. खर्च शून्य, त्याच सिग्नलला आकडा ९७.

थर्मोस्टॅट मात्र काढू नका. काढलाच असेल तर परत बसवा, ४५० रुपयांचा आहे. तो नसेल तर डिसेंबर-जानेवारीत इंजिन ७० च्या वर जात नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती बायपास (रेडिएटर टाळणारी वाट) बंद करते, तिथे तो काढल्यावर गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला टाळून गोल फिरतो आणि उन्हाळ्यात लोडवर गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर पातेल्यात पाणी, दोरीनं टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. ८२ छापलेला ८२ च्या आसपास उघडू लागतो आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडतो. बसवताना छोटी पिन वर.

आणि हेड खोलायला हो म्हणण्याआधी सकाळी गार इंजिन चालू करून पाहा. हेडमध्ये बिघाड असेल तर दिसतं ते हे: रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे, पहिल्या मिनिटातच दगडासारखा होज, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. यातलं काहीच नसेल तर ब्लॉक टेस्टचं निळं द्रावण वापरायला सांगा, रेडिएटरमध्ये इंजिनचा जळालेला गॅस आला असेल तर ते पिवळं होतं. निळंच राहिलं तर १४ हजार खिशात ठेवा.

आज ऑक्टोबरच्या उन्हात एसीसकट ८९ ते ९६. बाटलीची लेव्हल जूनपासून एका रेषेवर आहे. बाकी आहे तो हीटरकडे जाणारा पातळ होज, अजून मूळचाच. क्लिपपाशी फुगलाय. दिवाळीआधी बदलायचा.