सॅम्पल कार्डाची कड जळकी होती

फसवणुकीत गेलेल्या पैशांचा आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे लाजेचा भाग उरकला. २५,४८० रुपये. शिवाय तीस दिवसांची मेहनत, उजव्या मनगटाचं दुखणं आणि जेवताना मध्येच ऐकू येणारं "तरी मी म्हणत होतो".

"घरबसल्या काम करा, तयार माल आम्हीच विकत घेतो" हा प्रकार कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होतं. पेन्सिल पॅकिंगवाले, डेटा एन्ट्रीवाले, सगळे ऐकून-वाचून माहीत. पेन्सिली भरा म्हणून कोणी फोन केला असता तर दोन शब्द सुनावून ठेवून दिला असता. पण मला फोन करणारी ही मुलगी डाय कटबद्दल बोलत होती, म्हणजे नक्षीच्या आकाराचं धातूचं पातं (डाय) मशीनमध्ये दाबून कागद कापण्याबद्दल. कार्डाचा बेस २५० जीएसएमचा (कागद किती जाड त्याचं माप) घेता की ३०० चा, घडी घालायच्या आधी रेघ दाबून घेता ना, फोम टेप कुठली वापरता, असं विचारत होती. नऊ वर्षं मी हाताने ग्रीटिंग कार्डं करते, चार मुलींना शिकवते. एवढ्या वर्षांत घरच्या कोणी कधी विचारलं नाही मला जीएसएमचं. पाघळले.

११ फेब्रुवारीला तिचा पहिला फोन. "ताई, तुमचं काम पाहिलं, कॉर्पोरेट गिफ्टिंगसाठी अशीच कार्डं हवी आहेत." नोंदणी १,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८०. त्यावर ५० कार्डांची ट्रायल ऑर्डर, डिझाइन माझ्या मनाचं, कार्डामागे ३० रुपये. मी माझ्याच डाय वापरून, माझ्याच मशीनवर ५० कार्डं केली. शेवटच्या तीन कार्डांना पांढरे अर्धमोती संपले म्हणून तांब्याच्या रंगाचे लावले आणि तसं प्रामाणिकपणे कळवलंही. "चालतंय ताई, उलट छान दिसतंय." २० तारखेला खात्यात १,५०० रुपये जमा. झालं, मला आणखी काय पुरावा हवा होता? आता हिशोब लागतो की माझेच १,१८० मला परत दिले आणि वरचे ३२० म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. त्या १,५०० च्या जोरावर मी वहिनीलाही नोंदणी करायला लावली. तिचे १,१८० मी माझ्या पैशातून परत केले, ते वरच्या आकड्यात धरलेत. ती घ्यायला तयार नव्हती. त्याने जास्तच मेल्यासारखं झालं.

२२ तारखेला कुरियरने पाकीट आलं. त्यात करारनामा, उद्यम नोंदणीच्या (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सर्टिफिकेटची रंगीत प्रत आणि एक सॅम्पल कार्ड. मुख्य ऑर्डर याच डिझाइनची होती. ५०० कार्डं, तीस दिवस, १५,००० रुपये. प्रेशर सगळ्यांचं एकसारखं हवं, म्हणून मशीन आणि डाय कंपनीचीच घ्यायची, १२,५०० अधिक जीएसटी, १४,७५०. अनामत ५,००० वेगळी, "काम संपलं की परत".

(उद्यम सर्टिफिकेट पाहून विरघळू नका. ते फुकट मिळतं आणि स्वतःच भरलेल्या माहितीवर मिळतं. त्याने कोणाचीही सचोटी सिद्ध होत नाही.)

आता त्या कार्डाबद्दल. हा भाग मी मनात शंभरदा पाहिला आहे. रात्रीचे साडेनऊ, टेबलावरचा दिवा, हातात कार्ड. ए६ आकाराचं, पांढरं, दर्शनी भागावर जाळीची खिडकी आणि तीतून वर चढलेली वेल. जाळीच्या पट्ट्या मिलिमीटरभरसुद्धा नसतील. मी कार्ड तिरपं धरलं तर कडेला बारीकशी तपकिरी रेघ दिसली. मला वाटलं, जुना लुक यावा म्हणून कडेला तपकिरी शाई फिरवली असेल. आपण फिरवतोच की स्पंजने. पण ती रेघ जाळीच्या आतल्या भोकांनाही होती. तांदळाच्या दाण्याएवढ्या भोकात शाईचा स्पंज कोण घालेल? मग मी कार्ड नाकाशी नेलं. जळलेल्या कागदाचा वास. मागच्या बाजूला धुराचा फिकट पिवळसर डाग.

ते कार्ड डायने कापलेलंच नव्हतं. लेझरने कापलेलं होतं. डायचं पातं कागदात दाबून शिरतं, त्यामुळे एका बाजूची कड किंचित गोल होते आणि बोट फिरवलं की उठाव लागतो. लेझर कागद जाळत जातो. त्याची कड सरळ, धारदार आणि तपकिरी राहते. हे मला नंतर कोणी सांगितलेलं नाही. हे मी मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवते! वास घेऊन बघा म्हणते!

आणि मी काय केलं? "फिनिशिंग काय सुरेख आहे" असं म्हणून कार्ड पाकिटात ठेवलं. लेझर मशीन असणारी कंपनी माझ्याकडून हाताने जाळ्या का कापून घेईल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. खरं सांगायचं तर पडला होता, पण त्याच्याकडे बघायचं नव्हतं. मनात १५,००० चा आकडा बसला होता आणि मुलाच्या फीची तारीख जवळ आली होती. त्या रात्री कार्ड माझ्या हातात होतं आणि पैसे अजून माझ्याच खात्यात होते. दोन दिवसांनी, २४ तारखेला, मी १४,७५० आणि ५,००० पाठवले. यूपीआयवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. विचारलं तर "आमचे अकाउंटंट". मान डोलावली. तुम्ही डोलावू नका. ज्या नावाने करार, त्याच नावाचं खातं असलं पाहिजे, नाहीतर तिथेच थांबा.

पावतीवर जीएसटी नंबर छापला होता. तो १५ अक्षरी असतो. मी मोजला एप्रिलमध्ये, १४ भरले. जीएसटीच्या सरकारी साइटवर नंबर टाकून नाव बघायला दोन मिनिटं लागतात आणि त्यासाठी लॉगिनही लागत नाही.

मशीन आली. अगदीच टाकाऊ नाही, खोटं कशाला बोलू, पण नंतर पाहिलं तर तसलीच बाजारात साडेसहा हजारांना मिळते. डाय मात्र त्रासाची. खाली प्लेट, तिच्यावर कागद, पातं खाली करून डाय, वर दुसरी प्लेट, हँडल फिरवायचं, कट्कन आवाज येतो. एका फेरीत जाळी सुटायची नाही. मग प्लेटखाली जाडीला एक कागद घालायचा, पुन्हा फिरवायचं. डाय आणि कार्डाच्या मध्ये बटरपेपर घातला तरी जाळीतले तुकडे डायमध्येच अडकायचे. ते मागच्या भोकांतून सुईने एकेक टोचून काढायचे. एका कार्डाला वीस मिनिटं धरा. ५०० कार्डांचे जवळजवळ १६७ तास होतात. प्लेटा तर पंधरवड्यातच धनुष्यासारख्या वाकल्या. मी त्या उलटसुलट करून वापरल्या. फोम टेप, गोंद, वाया गेलेल्या कागदाच्या जागी नवा कागद, सगळं माझ्या खर्चाने, १,८७०.

१ एप्रिलला माल पाठवला. हसा. कुरियर ६४०.

९ एप्रिलला मेल आला: ५०० पैकी ३७ पास, ४६३ नापास. कारण, "कटिंगच्या कडा सॅम्पलप्रमाणे नाहीत." मेल वाचताना मला तो जळका वास आला, शपथ. कशा असतील सॅम्पलप्रमाणे? डायने ती कड जन्मात येणार नाही. लेझरचं सॅम्पल द्यायचं, हाताची डाय विकायची आणि मग कडेवरून नापास करायचं. माल कितीही सुबक केला तरी पास होणारच नव्हता. कोणीतरी हे डोकं लावून योजलं होतं. कागदातलं कळणारं डोकं, याचं मला सगळ्यात जास्त लागतं.

इथे तरी थांबायचं. पण करारात होतं की ९० टक्क्यांहून कमी माल पास झाला तर अनामत जप्त, आणि फेरतपासणी हवी असेल तर २,३६० भरा. १५,००० मजुरी आणि ५,००० अनामत अडकलेली दिसत होती, २० हजारांसाठी २,३६० काय, असं वाटलं. भरले. तुम्ही म्हणाल मूर्ख. त्या दिवशी माझ्या जागी बसून पाहा, मग म्हणा.

१८ तारखेला व्हॉट्सॲपवर "वकिलाची नोटीस". करारभंगाबद्दल ९,४४० भरा, नाहीतर अटक. म्हणजे ८,००० दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी! दंडावर जीएसटी पाहिल्यावर मात्र माझं डोकं ठिकाणावर आलं. हे पैसे मी दिले नाहीत. लक्षात ठेवा, वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, आणि करार मोडला म्हणून कोणी अटक करत नाही. उत्तरादाखल मी अनामत मागितली, तर त्या मुलीचा नंबर बंद.

२१ एप्रिलला पोलिस ठाण्यात गेले. म्हटलं, कार्डांच्या कामात फसवणूक झाली आहे. टेबलावरच्या हवालदारांनी मान वर न करताच विचारलं, "एटीएम की क्रेडिट?" मी म्हटलं, ग्रीटिंग कार्ड. ते म्हणाले, "आधी बँकेत जाऊन कार्ड ब्लॉक करा." मी पुन्हा समजावायला लागले तर "मॅडम, गर्दी बघताय ना". बँकेत गेले. तिथल्या मुलाने विचारलं, "कार्डाचे शेवटचे चार आकडे?" मी पर्समधून ते सॅम्पल काढून त्याच्या काउंटरवर ठेवलं. तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पिन तुम्हीच टाकलाय, बँक काही करू शकत नाही."

दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर होते. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, करार चाळला आणि म्हणाले, "सही तुमची, पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, माल त्यांना पसंत नाही. ही दिवाणी बाब आहे." मी विचारलं, साहेब, पहिल्या दिवसापासून फसवायचाच इरादा असेल तर दिवाणी कशी? पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), हे मी वाचून गेले होते. तेच चुकलं बहुतेक, वाचून गेलेली बाई आवडत नाही. "मग तुम्हीच तपास करा की." पत्ता परराज्यातला आहे, तिकडे जाऊन तक्रार द्या म्हणाले. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. हे मी बोलले नाही. हिंमत संपली होती. शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते, त्यांचे तर चार लाख गेले होते. माझ्या अर्जावर पोहोचचा शिक्का मारून मिळाला, तेवढीच तीन खेपांची कमाई. तेव्हा अर्ज दोन प्रतींत न्या आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्यात नोंदवूनच घेतलं नाही तर पोलिस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं. मी पाठवलंय. पोस्टाची पावती जपून ठेवली आहे, उत्तर काही आलेलं नाही.

आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर पहिल्या तासाभरात फोन करा, हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवलं तरच काही हाती लागतं. मी लाजेपायी १४,७५० गेल्यानंतर ५६ दिवस घालवले. हे काय म्हणतील, जाऊबाई काय म्हणतील. सगळे म्हणायचं ते म्हणालेच.

कोणी "आधी मशीन घ्या" म्हटलं की एकच विचारा: माझ्या मशीनवर कापलेलं एक कार्ड तुमच्यासमोर पास करून दाखवता का? आणि सॅम्पल आलं की वास घ्या. जाळीच्या आतल्या कडा भिंगातून बघा.

४६३ कार्डं मला परत मिळालेली नाहीत. गेल्या मंगळवारी वहिनीने एक जाहिरात पाठवली. नवीन नाव, नवीन नंबर, "महिलांसाठी सुवर्णसंधी". फोटोत सात-आठ कार्डं पंख्यासारखी मांडलेली. मोठा करून पाहिला. डावीकडून दुसऱ्या कार्डावर फुलाच्या मधोमध तांब्याच्या रंगाचा अर्धमोती. नोंदणी आता १,४१६ झाली आहे.