निकॉन एफ-२ चा डीपी-१ फाइंडर: आज घ्यावा का?

फिल्मच्या कॅमेऱ्यावरचा फाइंडर (ज्यातून पाहून चित्र जुळवायचे तो भाग) काढून त्या जागी दुसरा बसवण्याची सोय निकॉनच्या आधीपासून होती. ड्रेस्डेनच्या इहागी कंपनीने १९५० च्या एक्झाक्टा व्हॅरेक्समध्ये ती दिली होती. निकॉनने १९५९ च्या एफ मॉडेलमध्ये ती स्वीकारली आणि १९६२ पासून ‘फोटोमिक’ या नावाने लाइट मीटरही (प्रकाश मोजणारे साधन) फाइंडरमध्येच बसवला. मीटरचे तंत्र सुधारले की नवा फाइंडर घ्यायचा आणि बॉडी जुनीच वापरायची, असा तो हिशेब होता. १९७१ मध्ये आलेल्या एफ-२ ने हाच मार्ग पुढे नेला. या बॉडीसोबत सर्वाधिक आढळणारा मीटरचा फाइंडर म्हणजे डीपी-१, आणि प्रस्तुत परीक्षण मुख्यतः त्याचेच आहे.

डीपी-१ चा मीटर कॅडमियम सल्फाइडच्या प्रकाशसंवेदकांवर चालतो. चौकटीच्या मध्यभागी असलेल्या १२ मिलिमीटरच्या वर्तुळाला तो ६० टक्के महत्त्व देतो आणि उरलेल्या भागाला ४० टक्के. फिल्म पुढे सरकवण्याचा लिव्हर किंचित बाहेर ओढला की मीटर सुरू होतो, आणि नजर फाइंडरमधून न हलवता शटरचा वेग, ॲपर्चरचा (लेन्समधून प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा) आकडा आणि मीटरचा काटा या तिन्ही गोष्टी एका ओळीत दिसतात. काटा मध्यावर आणला की काम झाले. फाइंडरच्या माथ्यावरही काट्याची एक लहान खिडकी आहे; कॅमेरा तिपाईवर असताना किंवा कमरेपाशी धरून चालताना ती इतकी उपयोगी पडते, की पुढच्या काळातल्या अनेक कॅमेऱ्यांत तिची उणीव जाणवते.

एफ-२ ची दुसरी जमेची बाजू सेलची आहे. निकॉन एफच्या फोटोमिक एफटीएन फाइंडरला १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल लागत आणि ते आता बनत नाहीत. त्यामुळे तो फाइंडर वापरायचा तर ॲडॅप्टर शोधणे किंवा मीटर पुन्हा जुळवून घेणे भाग पडते. एफ-२ मध्ये सेल बॉडीच्या तळाशी बसतात आणि ते साधे १.५ व्होल्टचे बटण-सेल असल्याने घड्याळाच्या दुकानातही मिळतात. शटर पूर्णपणे यांत्रिक असल्याने सेल संपले तरी १/२००० सेकंदापर्यंतचे सर्व वेग चालू राहतात, फक्त मीटर बंद पडतो.

आता दोषांकडे वळू. कॅडमियम सल्फाइडचा संवेदक आळशी असतो. कडक उन्हातून ओसरीच्या सावलीत आल्यावर काटा स्थिरावायला थोडा वेळ घेतो आणि घाई केल्यास मोजमाप चुकते. अंधुक प्रकाशात एफ/१.४ इतक्या मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सवर एक सेकंदापर्यंतच त्याची धाव आहे, म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात समईच्या उजेडात त्याच्यावर विसंबता येत नाही. याहून गंभीर बाब आतल्या गोल रेझिस्टरची आहे. त्यावरचा कार्बनचा थर वर्षानुवर्षांच्या वापराने झिजतो आणि मग ॲपर्चरची रिंग फिरवताना काटा सलग न सरकता उड्या मारू लागतो. साफसफाईने कधी सुधारणा होते, पण थरच गेला असेल तर दुसऱ्या फाइंडरमधला भाग काढून बसवण्यावाचून पर्याय उरत नाही.

लेन्स जोडण्याची पद्धतही जुनी आहे. ॲपर्चर रिंगवर स्क्रूने बसवलेली धातूची पट्टी फाइंडरच्या खुंटीत अडकवावी लागते आणि लेन्स बसवल्यावर रिंग एकदा सर्वांत लहान ॲपर्चरपासून सर्वांत मोठ्यापर्यंत फिरवावी लागते, तेव्हा कुठे मीटरला त्या लेन्सचे सर्वांत मोठे ॲपर्चर कळते. सवयीने हे हातात बसते. मात्र ही पट्टी नसलेल्या ऑटोफोकस लेन्स मीटरशी जुळत नाहीत. ॲपर्चर रिंग असलेल्या अशा लेन्स वापरायच्या असतील तर १९७७ चे डीपी-११ किंवा डीपी-१२ हे ‘एआय’ पद्धतीचे (पट्टीशिवाय लेन्सशी जुळणारे) फाइंडर घ्यावेत. डीपी-१२ मध्ये काट्याऐवजी लाल दिवे आणि कितीतरी चपळ असा सिलिकॉन संवेदक आहे; एफ/१.४ वर तो आठ सेकंदांपर्यंतचे मोजमाप देतो. मोजमापाच्या बाबतीत तो निर्विवाद श्रेष्ठ आहे, पण किंमतही त्याच तोऱ्यात मागितली जाते आणि आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट बिघडले तर दुरुस्त करणारा हात सहज सापडत नाही.

मीटर नसलेला डीई-१ हा साधा प्रिझम (चित्र सरळ दाखवणाऱ्या काचेचा फाइंडर) दिसायला सर्वांत देखणा आणि वजनाला हलका. गंमत अशी, की मीटरवाल्या डीपी-१ पेक्षा हा बिनमीटरचा प्रिझम आज अनेकदा महाग पडतो. हातात धरायचा मीटर जवळ असेल तरच हा खर्च पटण्यासारखा आहे. वरून पाहायचा घडीचा डीडब्ल्यू-१ जमिनीलगतच्या फुलांसाठी चांगला, परंतु त्यात डावे-उजवे उलटे दिसते आणि उभी चौकट घेणे जवळजवळ अशक्य होते. सहापट मोठे दाखवणारा डीडब्ल्यू-२ नाणी किंवा जुनी कागदपत्रे टिपणाऱ्यांनीच घ्यावा. आणखी एक गोष्ट: फाइंडर बदलताना फोकसिंग स्क्रीन (चित्र उमटते ती काच) उघडी पडते, तेव्हा हा उद्योग घरात करावा, आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत करू नये.

मुंबईत बोरा बझारसारख्या ठिकाणी फाइंडर प्रत्यक्ष हाताळून घेता येतो, आणि तसाच तो घ्यावा. लेन्स लावून रिंग सावकाश फिरवावी व काट्याची चाल पाहावी. भर दुपारच्या उन्हात १०० आयएसओ (फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) आणि १/१२५ सेकंद ठेवल्यावर काटा एफ/१६ च्या आसपास मध्यावर यायला हवा. मग फाइंडर काढून प्रिझम उजेडाकडे धरावा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणामुळे काचेवर धाग्यांसारखी बुरशी धरते आणि कडेच्या चांदीच्या थराला काळे डाग पडतात. एखादा डाग चित्रात उमटत नसल्याने तो चालून जाईल, पण बुरशी असेल तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नये. मीटर मेलेला पण प्रिझम स्वच्छ असलेला डीपी-१ मात्र कमी पैशांत मिळत असेल तर जरूर घ्यावा. डीई-१ साठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा तोच बसवून हातातल्या मीटरवर काम भागवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.