गोळी कारखान्यातला ऑइल-फ्री कॉम्प्रेसर: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरल्यानंतर

रबाळे एमआयडीसीत आमचा लिमलेटच्या गोळ्या आणि मार्शमॅलोचा छोटा कारखाना आहे. मशीनना दाबलेली हवा पुरवणारा, आत तेलाचं वंगण लागणारा जुना पिस्टन कॉम्प्रेसर काढून आम्ही ऑइल-फ्री स्क्रोल कॉम्प्रेसर (दोन सर्पिल भागांमध्ये हवा दाबणारा), रेफ्रिजरंट ड्रायर (हवा गार करून तिच्यातली ओल काढणारा) आणि फिल्टर असा संच बसवला. खर्च बराच झाला, पण घेतल्याचं समाधान आहे.

रॅपिंग मशीनचे सिलिंडर चालवणारी हवा मालाला लागत नाही. साच्यावर रिलीज ऑइल फवारणारी, साच्यातून गोळी सोडवणारी हवा मात्र थेट मालावर येते. मार्शमॅलोत तर हवा हा साखर-जिलेटिनसारखा घटकच. तिला तेलाचा वास असेल तर तो खाणाऱ्या पोराच्या जिभेवर जातो. मला ते चालणार नव्हतं.

खरा कस लागला पावसाळ्यात. पाक १४५ ते १५० अंशांवर नेला की गोळीत दोन-तीन टक्केच पाणी उरतं, आणि अशी गोळी मिळेल तिथून ओल ओढते. त्यात हवा ७ बारला (म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण सातपट जास्त दाबाला) दाबली की तिचं आकारमान आठव्या हिश्श्यावर येतं. एवढ्याशा जागेत सगळी वाफ मावत नाही, हवा निवली की पाणी सुटतं. जुलैत टाकीचा ड्रेन उघडला की पाण्याची धारच लागायची. ड्रायर दाबाखालच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातून पाणी सुटू लागतं तो, ३ अंशांच्या आसपास आणतो. तीच हवा नोझलमधून बाहेर पडून दाब उतरला की दवबिंदू उणे २० च्याही खाली जातो. ऐन पावसात नोझलसमोर पांढरा कागद धरला, तर ना थेंब, ना तेलाचा डाग. पूर्वी या दिवसांत गोळी साच्याला धरायची, सोडवताना कडा तुटायच्या. यंदा तसा रिजेक्ट माल फारच कमी निघाला.

तक्रार ड्रायरबद्दल आहे. कोटेशनमधली क्षमता ३५ अंशांच्या हवेसाठी असते. मे महिन्यात आमची कॉम्प्रेसरची खोली भट्टी होते, हवा त्याहून गरम येते आणि ड्रायरला ती झेपत नाही. विक्रेत्याने हे आधी सांगायला हवं होतं. गरम हवा डक्टने बाहेर काढल्यावर फरक पडला, तरी आपल्याकडे ड्रायर एक साइज मोठाच घ्यावा.

आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत सापडत नाही. ऑइल-फ्री म्हणजे मशीन स्वतः तेल सोडत नाही, एवढंच. ठाणे-बेलापूर रोडचा धूर, शेजारच्या कारखान्यांचे वास ती आत ओढतेच. म्हणून मालाला लागणाऱ्या लाइनवर ॲक्टिव्हेटेड कार्बनचा (वास शोषणाऱ्या कोळशाचा) फिल्टर लावला आणि तो ठरल्या वेळी बदलतो. यात काटकसर करू नका.

वीजबिलासाठी दाब ७ वरून ६ बारवर आणला. एका बारमागे साधारण सात टक्के वीज वाचते, आणि रॅपिंग मशीनला तेवढा दाब पुरतो. सुट्टीच्या दिवशी मशीनं बंद असताना जोडांना साबणाचं पाणी लावून गळतीही शोधतो. पीयू ट्यूबचे (प्लास्टिकच्या नळ्यांचे) पुश फिटिंग, म्हणजे नळी नुसती आत दाबून बसवायचे जोडच जास्त फुसफुसतात.

आवाज जुन्यापेक्षा खूप कमी. सर्व्हिस मात्र महाग आहे, विशेषतः स्क्रोलचे टिप सील (सर्पिल भागांच्या कडांवरच्या, हवा अडवणाऱ्या पट्ट्या). घेण्याआधी त्यांचा दर आणि बदलायचे तास लेखी मागून घ्या. हवा फक्त सिलिंडरलाच लागत असेल, तर तेलाचा स्क्रू कॉम्प्रेसर आणि चांगला ड्रायर पुरेल.