नव्या प्रोग्रामिंग भाषेत वेळ आणि दस्तऐवजीकरण: पर्यायांची तुलना

नवी प्रोग्रामिंग भाषा घडवताना वेळेची मांडणी आणि दस्तऐवजीकरणाची (कोडसोबत लिहिलेल्या स्पष्टीकरणाची) वाक्यरचना हे दोन विषय बहुधा शेवटी हाती घेतले जातात, पण लोकांनी त्या भाषेत एकदा कोड लिहिला की त्यांत बदल करणे फार जड जाते. जावा या भाषेच्या मूळ तारीख-वर्गात महिने शून्यापासून आणि वर्षे १९०० पासून मोजली जात, शिवाय तयार झालेली तारीख नंतर बदलताही येई. या चुकांवरचा नीट विचार केलेला उपाय २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीत आला.

वेळेसाठी पहिला पर्याय ‘गो’ या भाषेसारखा, म्हणजे एकाच टाइपचा (मूल्याच्या एकाच प्रकाराचा). शिकायला तो सोपा आहे, आणि २०१७ मध्ये १.९ आवृत्तीत त्याच मूल्यात कधीही मागे न जाणाऱ्या घड्याळाचे वाचन जोडल्यामुळे जुने प्रोग्राम न बदलता सुधारले. मात्र त्यामुळे एकच क्षण दर्शवणारी दोन मूल्ये साध्या तुलनेत वेगळी ठरू शकतात. दुसरा पर्याय वेगवेगळ्या टाइपांचा. रस्ट या भाषेत कालावधी मोजण्याचे घड्याळ आणि यंत्राचे घड्याळ स्वतंत्र आहेत, आणि यंत्राचे घड्याळ मागे सरकू शकते हे गृहीत धरून त्याच्या वजाबाकीतून त्रुटीही परत येऊ शकते; कॅलेंडरसाठी मात्र बाहेरची लायब्ररी (तयार कोडचा संच) लागते. जावाने क्षण, नुसती तारीख आणि टाइमझोनसह वेळ वेगळी केली, तसेच ‘२४ तास’ आणि ‘एक दिवस’ यांतही भेद केला. हा भेद किचकट वाटतो खरा, पण सामोआमध्ये २०११ साली ३० डिसेंबर हा दिवस उगवलाच नाही, हे आठवले की त्याची गरज पटते. माझा कल वेगळ्या टाइपांकडे आहे.

दस्तऐवजीकरणात जावाने एचटीएमएलची खूणपद्धत घेतली आणि २०२४ मध्ये तेविसाव्या आवृत्तीत मार्कडाउन या साध्या खुणांच्या लेखनपद्धतीलाही जागा दिली. गोने साध्या टिप्पण्यांवर भर दिला. दुव्यांची आणि याद्यांची रचना १.१९ आवृत्तीत, २०२२ मध्ये आली. पायथन या भाषेत कोडसोबत लिहिलेले दस्तऐवजीकरण प्रोग्राम चालू असतानाही वाचता येते, पण त्याच्या आतली मांडणी भाषेने ठरवलेली नसल्याने प्रकल्पागणिक शैली बदलते. रस्ट मार्कडाउन वापरतो आणि टिपांमधील उदाहरणे चाचणीत चालवून पाहतो. कोड बदलला तरी उदाहरण जुनेच राहण्याचा धोका त्यामुळे पुष्कळ कमी होतो.

या दोन निर्णयांची गाठ याच उदाहरणांत पडते. ‘आत्ताची वेळ’ दाखवणाऱ्या उदाहरणाचे उत्तर दर वेळी वेगळे येणार, म्हणून ते तपासता येत नाही. फंक्शनला घड्याळ बाहेरून देण्याची सोय मूळ लायब्ररीत असेल, तर उदाहरणात ठरावीक क्षण देऊन अपेक्षित उत्तर लिहिता येते. वेळ हाताशी कमी असेल, तर टाइमझोनची सोय पुढच्या आवृत्तीवर ढकलावी, पण टाइपांची विभागणी आणि चालवता येणारी उदाहरणे पहिल्याच आवृत्तीत असावीत.