माझाच बूस्टर रंगवून मलाच साडेसात हजारांना विकला

ब्रेकची 450 रुपयांची रबरी नळी बदलायची होती, माझ्याकडून 20,050 रुपये काढले. गॅरेजवाले कसे लुटतात ते सगळ्यांना माहीत आहे, ते परत सांगत बसत नाही. पण इथे जीव गेला असता, म्हणून लिहितोय.

गाडी 2011 ची पिकअप. पुढे डिस्क, मागे ड्रम. ओतूरला टोमॅटो भरायचा, माळशेज उतरायचा, मुरबाड-कल्याण करत वाशी गाठायची. उन्हाळ्यात ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायला लागली. पुढचं डावं चाक इतकं तापायचं की रिमजवळ हात नेववत नव्हता. गॅरेजचं नाव लिहीत नाही, वकिलांनी मनाई केली आहे.

आधी पॅड, 1,850. मग डिस्कला लेथ मारलं, 900. मग कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किट, 1,350. दरवेळी गाडी मोकळी व्हायची आणि थोडे दिवस गेले की पुन्हा तेच. वर हे ऐकायचं, “दादा, जुनी गाडी आहे, एक केलं की दुसरं निघणारच.” हे वाक्य कानावर पडलं की किल्ली घ्या आणि निघा.

मग एकदा भरल्या गाडीनिशी माळशेज उतरताना पेडल लोण्यात पाय जावा तसं खाली गेलं. चाक आतून जाम, त्याच्या उष्णतेने ब्रेक ऑइल उकळलं, त्याची वाफ झाली, आणि वाफेवर ब्रेक लागत नाही. दुसऱ्या गिअरवर आणि हँडब्रेकवर कशीबशी कडेला घेतली, पोराने उडी मारून चाकाखाली दगड लावला. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा जागेवर, जणू काही झालंच नव्हतं. ऑइल निवलं, वाफ जिरली, इतकंच.

ही भीती त्या माणसाने बरोबर वापरली. “मास्टर गेलाय, बूस्टरही धरत नाही.” मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो पंप, 4,200. बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, 7,500. सगळ्या वेळचं मिळून ऑइल 1,050 आणि मजुरी 3,200.

आता जे आठवलं की अजून रक्त उसळतं ते सांगतो. त्याने माझ्यासमोर जॅक लावला. डावं चाक हलेना. त्याने कॅलिपरचा निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा स्क्रू) सैल केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक गरकन फिरलं. म्हणाला, “बघा, मास्टर प्रेशर सोडत नाही.” अरे, मास्टर प्रेशर सोडत नसेल तर उजवं चाकही धरायला हवं ना! दोन्ही पुढच्या चाकांना एकाच लाइनमधून ऑइल जातं. उजवं चाक मी स्वतःच्या हाताने फिरवून पाहिलं होतं, मोकळं होतं. दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढे होत्या आणि मी मान डोलावत उभा होतो. पण मी शेतकरी आहे, फिटर नाही. माल भरलेला, पहाटेचा बाजार चुकला तर टोमॅटो कोणाच्या दारात ओतायचा? अशा वेळी गाडी दुसरीकडे नेऊन दाखवायला कोणाला सवड असते? “पक्कं बिल का नाही घेतलं” म्हणणाऱ्यांनी त्याच्याकडे एकदा मागून बघावं. जीएसटी वर लागेल म्हणतो, आणि गाडी संध्याकाळपर्यंत ढकलतो.

खरं दुखणं आळेफाट्याच्या एका वयस्कर मिस्त्रींनी काढलं. चाक जाम असताना त्यांनी आधी लोखंडी पाइप रबरी नळीला जोडतो तिथला नट सैल केला. चाक तसंच जाम. मग निपल उघडला, चाक सुटलं. म्हणजे प्रेशर नळीच्या खालीच अडकलेलं. नळी बाहेरून धड दिसत होती, आतलं रबर फुगून बंद झालं होतं. पायाच्या जोराने ऑइल आत जायचं, सोडल्यावर परत यायचं नाही. दरवेळी एअर काढताना निपल उघडला की दाब सुटायचा, म्हणून थोडे दिवस बरं वाटायचं. दोन्ही बाजूंच्या नळ्या 900, ऑइल 320, मजुरी 300. गाडी सरळ चालते.

त्यांनीच विचारलं, “बूस्टरवर हे आकडे कसले?” काळ्या रंगाखाली माझ्याच गाडीचे शेवटचे चार आकडे. पार्ट चोरीला जातात म्हणून आमच्या जुन्या ड्रायव्हरने खिळ्याने कोरले होते. माझाच बूस्टर धुऊन, रंगवून परत बसवलेला! जुना पार्ट मागितला तेव्हा “भंगारात गेला” म्हणाला होता. जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. बूस्टर तपासायला छदामही लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत मारा, पाय दाबून धरा, स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक.

पोलिस ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणतात, “आता ब्रेक लागतोय ना? मग तक्रार कशाची?” मी बूस्टरचा फोटो दाखवला. म्हणे, “रंग कोणी मारला हे फोटोत दिसतं का?” अर्ज घेतला, पण माझ्या प्रतीवर शिक्का द्यायला तयार नाहीत. साहेब आले की या. साहेब बंदोबस्ताला. साहेब आले तर म्हणतात, दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. आरटीओत गेलो. तिथे म्हणतात, आम्ही गाडी बघतो, गॅरेज नाही. आणि वर सुनावलं की असल्या ब्रेकची गाडी रस्त्यावर आणलीत तर चलन तुमच्यावर. म्हणजे चोर मोकळा आणि दंडाची धमकी मला! वर्षाला पासिंगची फी मीच भरतो. तहसील कचेरीतल्या एका कारकुनाने तर पिवळी नंबर प्लेट ऐकूनच हात झटकले, व्यावसायिक गाडी, तुम्ही ग्राहकच नाही म्हणे.

हे साफ खोटं आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवणारा माणूस 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. फोन-पेने पैसे देताना कशाचे ते शेऱ्यात लिहा. माझ्या नोंदींमध्ये नुसते आकडे आहेत आणि वकील त्यावरच डोकं धरून बसले आहेत.

बूस्टरला मी हात लावू दिलेला नाही, रंगासकट तसाच आहे. जुन्नर-ओतूर भागात कोणी अलीकडे “नवा” बूस्टर बसवून घेतला असेल तर रंग खरवडून बघा. खाली काही निघालं तर आधी फोटो काढा, मग मला कळवा. आयोगात माझ्यासोबत दुसरा कोणी उभा राहिला तर केस वेगळी होईल.