चाहत्याला जनरल मॅनेजरच्या खुर्चीत बसवणारा खेळ : आउट ऑफ द पार्क बेसबॉल २६

बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाने १५ जून २०२५ रोजी आपला खेळाडू राफाएल डेव्हर्स याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाकडे पाठवले, तेव्हापासून आम्हा चाहत्यांमध्ये दोष कोणाचा हा वाद चालू आहे. दहा वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार करून ज्याला संघाचा कणा मानले, त्याला, त्याच जागेवर खेळणारा अ‍ॅलेक्स ब्रेगमन आल्यावर, थर्ड बेस या क्षेत्ररक्षणाच्या जागेवरून हलवून डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणारा, करण्यात आले आणि ग्लोव्ह बाजूला ठेवायला सांगण्यात आले. मेच्या सुरुवातीला ट्रिस्टन कॅसासच्या गुडघ्याला गंभीर दुखापत होऊन फर्स्ट बेस रिकामा झाला, तेव्हा त्याच माणसाकडे पुन्हा ग्लोव्ह उचलण्याची विचारणा झाली, आणि त्याने जाहीरपणे नकार दिला. निम्मे चाहते म्हणतात, एवढे पैसे घेणाऱ्याने संघ सांगेल तिथे उभे राहायला हवे होते. उरलेले म्हणतात, व्यवस्थापनाने शब्द पाळला नाही. मी या दोन्ही बाजूंनी तितक्याच पोटतिडकीने भांडलो आहे, आणि म्हणूनच हा निर्णय स्वतः घेऊन पाहावा या हेतूने ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल २६’ हा संगणकावरचा खेळ हाती घेतला.

मार्कुस हाइनझोन या जर्मन प्रोग्रामरने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली ही मालिका आज दरवर्षी नव्या आवृत्तीसह येते. मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा, अधिकृत परवाना असल्यामुळे तिच्यात खरे संघ आणि खरे खेळाडू आहेत. येथे बॅट फिरवण्याचे कौशल्य लागत नाही. संघ उभा करणे, करार करणे, कोणाला खेळवायचे आणि कोणाला सोडायचे हे ठरवणे, एवढेच आपले काम असते. पडद्यावर बहुतेक वेळ तक्ते आणि नावे दिसतात. ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आल्यामुळे मला हंगामाच्या उंबरठ्यावरचा रेड सॉक्स संघ मिळाला, म्हणजे ज्या जखमेवर आम्ही वर्षभर बोललो ती होण्याच्या आधीचा.

या खेळाचे सर्वांत मोठे बळ त्यातील रोस्टरच्या, म्हणजे संघातील खेळाडूंच्या यादीच्या, नियमांत आहे. मैदानासाठी २६ खेळाडू, त्यांत जास्तीत जास्त १३ पिचर (चेंडू फेकणारे), आणि त्यामागे करारबद्ध खेळाडूंची ४० जणांची यादी, हे आकडे प्रत्येक चाहत्याला पाठ असतात; पण त्या दोन याद्यांमधली दारे कशी उघडतात आणि कशी बंद होतात, हे भांडताना कोणाच्या लक्षात नसते. ‘याला खाली पाठवा’ हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! ज्या खेळाडूचे ऑप्शन शिल्लक आहेत त्यालाच वेव्हरच्या फेऱ्यात न अडकवता मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावरच्या संघात, पाठवता येते, आणि असे ऑप्शन साधारणपणे तीन हंगामांपुरतेच असतात. ते संपले की वेव्हर लावावा, म्हणजेच इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगण्याची संधी द्यावी लागते. माझ्या पहिल्या हंगामात एका होतकरू फलंदाजासाठी ४० जणांच्या यादीत जागा हवी होती, म्हणून मी सातव्या-आठव्या डावात येणारा, फॉर्म हरवलेला एक पिचर यादीतून काढला आणि दुसऱ्या संघाने तो तत्काळ उचलला. ऑगस्टमध्ये माझे दोन पिचर एकाच आठवड्यात जायबंदी झाले, तेव्हा वूस्टरच्या, म्हणजे रेड सॉक्सच्या मायनर लीगमधील सर्वांत वरच्या, संघात बोलावण्याजोगे कोणीच उरले नव्हते. एखादा व्यवस्थापक वाईट आकडे असलेल्या अनुभवी पिचरला का सांभाळून ठेवतो आणि चांगले खेळणाऱ्या तरुणाला का परत पाठवतो, हे मला त्या दिवशी जितके कळले तितके आधीच्या कित्येक वर्षांच्या वादांत कळले नव्हते. सेकंड बेसवर खेळणाऱ्या तरुण ख्रिस्टियन कॅम्पबेलला प्रत्यक्षात जूनमध्ये ट्रिपल-एमध्ये, म्हणजे वूस्टरला, पाठवले गेले, त्यावर मी केलेली टीका मला आता अर्धवट वाटते.

सेवाकाळाचा, म्हणजे खेळाडूने मेजर लीगमध्ये काढलेल्या दिवसांचा, प्रश्न याहून अवघड आहे, कारण तो फक्त हिशेबाचा राहत नाही. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्ष धरले जाते आणि अशी सहा वर्षे झाल्यावर खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा, होतो, त्यामुळे गुणी तरुणाला काही आठवडे उशिरा वर आणले तर संघाला त्याचे आणखी एक वर्ष मिळू शकते. खेळात हा मोह आपल्यासमोर येतो, आणि त्याला बळी पडणे सोपे असते. मी बळी पडलो. तो तरुण मुलगा काल्पनिक आकड्यांचा बनलेला आहे हे माहीत असूनही मला त्याचे वाईट वाटले, आणि ज्या मालकांवर मी याच कारणाने रागावतो त्यांची भाषा माझ्या तोंडी आल्याचे जाणवले.

आता वृत्तीविषयी. खेळाडूच्या स्वभावाला या खेळात खरे स्थान आहे : नेतृत्व, निष्ठा, पैशाची ओढ, जिंकणाऱ्या संघात राहण्याची इच्छा, मेहनतीची तयारी आणि बुद्धी असे गुण प्रत्येकाच्या नावापुढे असतात, आणि संघातील वातावरण व खेळाडूचे समाधान यांचाही विचार केला जातो. कमी निष्ठा आणि अधिक पैशाची ओढ असलेल्याशी करार करताना वेगळे बोलावे लागते, आणि आपण हरत राहिलो तर जिंकण्याची इच्छा असलेला नाराज होतो. खेळाडूंची पारख करणाऱ्या स्काउटचा अंदाज चुकू शकतो ही व्यवस्था मला विशेष आवडली, कारण प्रत्यक्षातही आपण सगळे कोणाच्या तरी अंदाजावरच बोलत असतो.

तरीही डेव्हर्सच्या प्रकरणात मला हवे असलेले उत्तर येथे मिळाले नाही, आणि ते कोणत्याही तक्त्यात मिळणार नाही अशी माझी खात्री झाली आहे. सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर तोच डेव्हर्स जुलैमध्ये फर्स्ट बेसवर उभा राहिला. म्हणजे त्याला ते जमत नव्हते असे नाही, आणि मुळातच करायचे नव्हते असेही म्हणता येत नाही. त्याला कोणी विचारले, कधी विचारले आणि त्याआधी त्याला काय सांगितले होते, हा खरा प्रश्न होता. ज्याला आपण खेळाडूची वृत्ती म्हणतो ती पुष्कळदा रोस्टरचा निर्णय ज्या रीतीने घेतला गेला तिची परतफेड असते. वसंत ऋतूतल्या सरावात झालेले बोलणे आणि त्यातून दुखावलेला मान यांची नोंद ठेवणारा रकाना कोणी बनवू शकत नाही. या खेळातील डेव्हर्सची जागा बदलताना मला त्याच्याशी एक शब्दही बोलावा लागला नाही, आणि त्यामुळे तो निर्णय जेवढा जड असायला हवा होता तेवढा वाटला नाही.

नव्या माणसाला पहिले काही दिवस वाचनातच घालवावे लागतील. मायनर लीगचे दैनंदिन व्यवहार सुरुवातीला संगणकाकडे सोपवावेत, ट्रेड (इतर संघांशी खेळाडूंची देवाणघेवाण) आणि मुख्य संघ आपल्या हाती ठेवावा आणि स्काउटची अचूकता मुद्दाम कमी ठेवावी. सर्व काही स्पष्ट दिसू लागले तर या कामातील भीती नाहीशी होते. फक्त सामने पाहण्याचा आनंद हवा असलेल्यांसाठी हा खेळ नाही. संघाच्या प्रत्येक निर्णयावर तावातावाने बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने मात्र तो जरूर घ्यावा.

मी २०२५ चा हंगाम तीनदा खेळलो. एकदा डेव्हर्सला विकले आणि एकदा फर्स्ट बेसवर नेले. तिसऱ्या वेळी त्याला थर्ड बेसवर राहू दिले आणि ब्रेगमनला सेकंड बेस दिला, जे व्हावे असे मला त्या वसंतात मनापासून वाटत होते. त्या जागेसाठी कॅम्पबेलला मात्र हंगामाची सुरुवात वूस्टरमध्ये करावी लागली, आणि त्याने काहीच चूक केलेली नव्हती.